दहा फुटांवरून

(द्वितीय वर्ष, कला)

मंडईतला सकाळी सहाचा उजेड मी जन्मापासून बघत आलो आहे. वर उंचावरून तो तिरपा पट्टा होऊन खाली उतरतो. त्या पट्ट्यात धूळ आणि कांद्याची टरफलं तरंगत असतात. खाली गाळ्यागाळ्यांवर दिवे जळत असतात आणि बाहेरच्या ताडपत्र्यांचा निळा रंग आत झिरपत असतो. या उजेडात मी पाटीत झोपलो, पाढे पाठ केले, सुट्टे पैसे मोजायला शिकलो. पण हा उजेड फोटोत पकडणं किती अवघड आहे, हे मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं, आणि त्यासोबत आणखीही काही कळलं. तेच आज लिहायला बसलो आहे.

आमच्या कॉलेजात हौशी छायाचित्रकारांचं एक छोटं मंडळ आहे. पहिल्या वर्षाला असताना मी त्यात नाव घातलं. स्नेहसंमेलनात 'आपलं पुणं' या विषयावर प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि फोटो काढायला कुठं जायचं याची चर्चा सुरू झाली. कुणी शनिवारवाडा म्हणालं, कुणी पर्वती. एवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मंडई! तिथली माणसं काय सुंदर येतात फोटोत!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्याच मंडईत माझी आई भाजी विकते, हे मात्र मी बोललो नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात काय सांगायचं आणि काय नाही, हे शिकवणारं घरी कुणी नव्हतं. आपणच ठरवायचं असतं. मी चुकीचं ठरवलं, एवढंच.

रविवारी पहाटे आम्ही सात-आठ जण टिळकांच्या पुतळ्यापाशी जमलो. सरांनी इमारतीची माहिती सांगितली. ही इमारत १८८६ साली खुली झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाई. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. गंमत अशी, की खुद्द जोतीराव नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्यांनी "अरे वा!" केलं आणि मनोऱ्याचे फोटो काढले. मी मान खाली घालून वर्गमित्राकडून उसना आणलेला कॅमेरा चाचपत होतो.

त्या कॅमेऱ्याला अडीचशे मिलिमीटरपर्यंत जाणारं लांब भिंग होतं. मित्राने दुसरं आखूड भिंगही देऊ केलं होतं. पण मी म्हणालो, "नको, मला लांबचंच दे." असं का म्हणालो, हे त्या वेळी माझं मलाही नीट उमगलं नव्हतं.

आत शिरलो आणि एकेक अडचण सुरू झाली. पहिल्याच फोटोत मेथीची गड्डी निळी आली. ताडपत्रीखालचा उजेड निळाच असतो. आपला डोळा तो आपोआप सुधारून घेतो, कॅमेरा घेत नाही. त्याला पांढरं कशाला म्हणायचं हे दाखवून द्यावं लागतं. मग दुसऱ्या फोटोत आडवे काळे पट्टे आले. मला वाटलं, परक्याचा कॅमेरा मोडला! सरांनी समजावलं, की आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं घेते आणि त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटरचा वेग फार ठेवला, की ती लुकलुक पट्टे होऊन उमटते. म्हणून वेग एक शंभरांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर आणायचा. आणला. तर आता सगळा फोटो हलका! भिंग जितकं लांब तितका हाताचा कंप मोठा दिसतो. अडीचशेच्या भिंगाला निदान एक अडीचशेअंश सेकंदाचा वेग लागतो. म्हणजे वेग वाढवावा तर पट्टे आणि उतरवावा तर कंप. एक दुखणं बरं करावं तर दुसरं वर येतं, तशातली गत. आयएसओ वाढवून पाहिला, तर माणसांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे आले.

"अरे, एवढा लांब कशाला उभा राहतोस? जवळ जा की," सर म्हणाले.

जवळ जायला माझी ना नव्हती. पण मी ज्या खांबाआड उभा होतो, तिथून चौथा गाळा आमचा होता.

आणि मग आमची मंडळी सरकत सरकत नेमकी त्या गाळ्यापाशीच गेली. आईने पालेभाजीवर पाणी मारलं होतं. त्यावर उजेडाचा तो पट्टा पडला होता. "कसला फ्रेम आहे!" म्हणत चार कॅमेरे तिच्यावर रोखले गेले. मलाही पुढं जावं लागलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. अडीचशेच्या भिंगातून आईचा चेहरा एकदम हाताएवढ्या अंतरावर आला. तिने मला पाहिलं. मग माझ्या बाजूला उभ्या असलेल्या मुलांच्या बुटांकडं पाहिलं, मुलींकडं पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडं.

"दादा," ती मला म्हणाली, "फोटू काढून झाला असंल तर जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक येतंय."

दादा! व्हा! माझ्या आईने मला अहो-जाहो केलं. मी न सांगता तिला सगळं कळलं होतं आणि माझं खोटं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मी बाजूला झालो. बाकीचे हसत पुढं गेले. माझ्या कॅमेऱ्यात त्या क्षणाचा एक फोटो आहे. तो हललेला आहे, पट्टेही आहेत. तो दोष दिव्यांचा आणि भिंगाचा, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

त्या रात्री घरात कुणी विषय काढला नाही. आईने भाकरी वाढली. जेवण झाल्यावर ती माळ्यावर चढली आणि बिस्किटांचा एक गंजका डबा खाली काढला. "फोटूचा एवढा नाद लागलाय तर हे बघ. तुझ्या मामाचं हाय." एवढं बोलून ती झोपायला गेली. पहाटे चारला मार्केट यार्डात माल घ्यायला जायचं असतं तिला.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. आत चामडी पिशवीत आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. आपल्या देशात पुष्कळ घरांत पहिला कॅमेरा म्हणून आला तो हा. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनलेला. खाली कागदी पाकिटांत निगेटिव्ह होत्या. काही गुंडाळून नळीसारख्या झाल्या होत्या. एका पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं : 'मंडई, दिवाळी ९२'. उजेडाकडं धरलं तर काळ्या चेहऱ्याची एक बाई पांढऱ्या तागडीपुढं बसलेली दिसली. ती आजी होती, हे तिच्या बसण्यावरून कळलं. आजी गेली तेव्हा मी लहान होतो. तिचा एकही फोटो घरात नाही. तो छापून घ्यायचाच, असं मी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं! पहिल्या दुकानात, जिथं झेरॉक्स काढतात, तिथल्या मशिनवर निगेटिव्ह पालथी घातली. कागदावर नुसती काळी चौकट आली. साधा स्कॅनर कागदावर पडून परत फिरलेला उजेड वाचतो. निगेटिव्हमधून मात्र उजेड आरपार जावा लागतो. दुसऱ्या दुकानात फिल्मचा स्कॅनर होता. त्यांनी स्कॅन करून मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. आजी दिसली खरी, पण मोठं करून बघावं तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. मागून हिशेब केला तेव्हा कळलं. ही निगेटिव्ह साधारण सव्वादोन इंचांची. इंचाला तीनशे ठिपक्यांनी वाचली तर एका बाजूला जेमतेम साडेसहाशे ठिपके मिळतात. चोवीसशेने वाचली तर पाच हजारांच्या वर. तीनशे हा आकडा छापील कागदासाठी पुरतो, निगेटिव्हसाठी नाही. शिवाय व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं, ते वेगळंच. ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मागायला हवं होतं. माझे दीडशे रुपये गेले, आणि आईने मधल्या वेळात मदत म्हणून पदराने एक निगेटिव्ह पुसली, तिच्यावर ओरखडा उठला तो उठलाच.

शेवटी मामांना गाठायचं ठरवलं. मामा ऐन तरुणपणी लक्ष्मी रोडच्या बाजूला एका स्टुडिओत कामाला होते. आता सासवडला असतात. श्रावणात एका शनिवारी डबा घेऊन स्वारगेटला एस.टी. पकडली. दिवे घाटात असा पाऊस लागला, की खिडकीतून पाणी थेट मांडीवर. डबा मी शर्टाच्या आत धरला. मामांच्या उबदार स्वयंपाकघरात पिशवी उघडली, तर कॅमेऱ्याच्या भिंगावर धुकं धरलेलं.

"पुसू नकोस!" मामा ओरडले. "थंडीतनं उबेत आलाय तो. पिशवीतच राहू दे तासभर. माणसासारखंच असतंय त्याचं."

तासाभराने धुकं विरलं आणि खरं दुखणं दिसलं. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. मामा म्हणाले, कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवला की पावसाळ्यात हे होणारच. चामडं ओल धरून ठेवतं. कॅमेरा कोरड्या डब्यात ठेवावा, सोबत बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. लोक तांदूळ घालतात, पण त्याची भुकटी फटीफटीतून आत जाते. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे कॅमेरा वापरत राहावा. मामांनी भिंग हळुवार साफ केलं. थोडा डाग राहिला. "राहू दे," म्हणाले, "माझ्याही डोळ्यात मोतीबिंदू हाय."

निगेटिव्हचा इलाजही त्यांनीच सांगितला. आंबूस वास येतो त्या फिल्मचा पायाच कुजायला लागलेला असतो. तो थांबवता येत नाही. त्या वेगळ्या काढायच्या आणि आधी त्यांची नक्कल करायची. धूळ फुंकरीने नाही, रबरी फुग्याच्या हवेने उडवायची, कारण फुंकरीत थुंकी असते. स्कॅनरमधली धूळ आपोआप काढायची युक्ती रंगीत फिल्मला चालते, पण कृष्णधवल फिल्मला नाही. त्या फिल्ममधली चांदीच अवरक्त किरण अडवते, त्यामुळे यंत्राला चित्र आणि कचरा यांतला फरक कळत नाही. हे शेवटचं मामांनी नव्हे, त्यांच्या कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाने सांगितलं. आणि महागडा स्कॅनर नसला तरी मोबाईलने काम होतं, हेही त्यानेच दाखवलं.

घरी येऊन रात्री दिवे मालवले. शेजारच्या ताईंचा टॅबलेट मागून आणला आणि त्यावर पूर्ण पांढरा पडदा लावला. निगेटिव्ह थेट पडद्यावर ठेवली तर पडद्याचे बारीक ठिपकेच फोटोत येतात. म्हणून दोन वाट्यांवर दुधी प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला, त्यावर निगेटिव्ह, आणि भोवती काळ्या पुठ्ठ्याची चौकट. चार पुस्तकांच्या थप्पीवर मोबाईल. हात न लावता, टायमर लावून फोटो घेतला आणि काळ्याचं पांढरं केलं.

आजी दिसली. पण मागची पाटी उलटी वाचली जात होती. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर हवी होती, मी मंद बाजू वर ठेवली होती. पालथी केली. अक्षरं सुलटी झाली. मग मी आजीचा चेहरा मोठा करून पाहिला, हात पाहिले, तागडीतले बटाटे पाहिले. बोट सरकवत सरकवत मागच्या पोत्यांपाशी आलो.

पोत्यांच्या आडोशाला नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसली होती. दोन वेण्या. मांडीवर वही. ती फोटोकडं बघतच नव्हती. खाली मान घालून लिहीत होती.

दुकानातल्या स्कॅनमध्ये तिथं नुसता एक करडा डाग होता.

मी आईला उठवलं. तिने मोबाईल हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"शुद्धलेखन असंल," ती म्हणाली. "बाई रोज दहा ओळी द्यायच्या. हितंच बसून करायची मी. उजेड चांगला असतो तिथं." थोड्या वेळाने म्हणाली, "सातवीपर्यंत केलं. मग गाळ्यावर बसले."

मोबाईल माझ्या हातात देऊन ती पुन्हा आडवी झाली. मला मात्र झोप आली नाही. सरांनी सांगितलेली ती गोष्ट आठवली. इमारतीऐवजी शिक्षणावर पैसा खर्च करा म्हणणारा माणूस. त्याचं नाव लागलेली तीच इमारत. आणि तिच्यात पोत्याआड शुद्धलेखन लिहिणारी एक मुलगी. तिच्या त्या दहा ओळी अर्ध्यावर राहिल्या, म्हणून पुढच्या ओळी मी लिहितो आहे. आणि मी खांबाआड लपलो होतो!

मी ठरवलं, प्रदर्शनासाठी फोटो काढायचा तो मामांच्या क्लिकनेच. कृष्णधवल रोल आठशेच्या वर गेला. शिकवणीचे पैसे मोडले. एका रोलमध्ये फोटो बारा. शटरचा वेग एकच, झरोका ढगाचा किंवा सूर्याचा. भिंग पुढं-मागं होत नाही. मामांनी नियम घालून दिला होता : "दहा फूट. त्याच्या आत गेलास तर माणूस पुसट होतो. फार लांब गेलास तर माणूसच राहत नाही." म्हणजे लपायला जागा नाही. दहा फुटांवर उभं राहिलं, की समोरचा आपल्याला बघतोच. त्याच्याशी बोलावंच लागतं.

सकाळी भवानी झाल्यावर मी गाळ्यासमोर दहा पावलं मोजली. आजूबाजूच्या गाळ्यावरच्या मावशी हसायला लागल्या. मी मोठ्याने म्हणालो, "आई, इकडं बघ." सगळ्या गर्दीत ते वाक्य मला फार मोठं ऐकू आलं. आई म्हणाली, "बघत न्हाई जा. काम करताना काढ."

रोल सासवडला मामांच्या मोरीत धुतला. दाराच्या फटींना गोधडी लावली होती. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदासाठी असतो, फिल्मला तोही चालत नाही, म्हणून ठार अंधारात मामांनी चाचपत रोल डब्यात भरला. बारांपैकी तीन फोटो आले. चार काळोखात गेले. दोनदा मी रोल पुढं फिरवायला विसरलो, त्यामुळे आईच्या डोक्यावर फ्लॉवर उगवले. उरलेले हलले. कुणी नव्याने असला कॅमेरा घेत असेल तर एवढंच सांगतो, की फोटो काढला की लगेच रोल फिरवायची सवय लावा, आणि एक पन्नासांश सेकंद श्वास धरून खांबाला टेकून उभे राहा. खांबाचा खरा उपयोग तो.

प्रदर्शनात मी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक मामांचा, १९९२चा. दुसरा माझा. खाली नावं लिहिली, आजीचं आणि आईचं, आणि त्यापुढं 'महात्मा फुले मंडई'. दुपारी माल संपल्यावर आई आली. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईखालून मेट्रो सुरू झाली आहे, पण ती चालतच आली. हॉलच्या दारात चपला काढून उभी राहिली. मी म्हणालो, "अगं, चपला काढायच्या नसतात इथं. जवळ ये."

"हितनं दिसतंय की," ती म्हणाली.

मंडईत 'फोटोत सुंदर येतात' म्हणणारी ती मुलगी शेजारीच उभी होती. मी तिला म्हटलं, "ही माझी आई." ती क्षणभर गोंधळली, मग फोटोकडं आणि आईकडं आळीपाळीने बघत राहिली. आई तिला म्हणाली, "त्या दिवशी मेथी न घेताच गेलीस गं बाई." आम्ही तिघंही हसलो.

माझ्या फोटोत आईचा उजवा हात किंचित हललेला आहे. ती तागडीत मूठभर मेथी वर टाकत होती. मंडळातले काही जण म्हणतात, हा दोष कॉम्प्युटरवर काढून टाकता येईल. येत असेल. मी तो ठेवला आहे.